सातवा दगड

दगड एक ते सहा

जुळले. उमाने निजामाच्या काळातला कापडी नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवला होता. पिशोरची जुनी शीव शेताशेतांतून जशीच्या तशी उमटली होती.

शिवेचे दगड दाखवले पिशोरच्याच सांडूबाबांनी. चार दिवस, उन्हात, काठी टेकत. ते नसते तर निम्मे दगड बाभळींतच राहिले असते. प्रबंधात पहिले आभार त्यांचे, हे उमाने तिथेच ठरवलं होतं.

दगड सात

शेंदूर फासलेला. नकाशातल्या जागेपासून चाळीस मीटर आत, पिशोरच्या बाजूला.

तिने फोन केला. दुसऱ्या दिवशी सांडूबाबा शहरात, गुलमंडीतल्या तिच्या खोलीवर हजर. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"शिवेपल्याडच्या वाडीच्या आवडाबाईनं दिल्यात. दरसाली पहिली पाटी माझ्याकडं येती."

"तुमच्याकडेच का?"

"लई भली माणसं."

मधला पट्टा

उमाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"ही पिशोरची खरी शीव. हा आजचा दगड. दोन्हींच्या मधे ही विहीर."

"माझ्या बापानं खोदलेली. आता वाडीकडं हाय."

"वाडीकडं गेली कशी, ते आता कळतंय. दगड तुमच्या शेतात सरकवलाय, बाबा. वर शेंदूर फासला, म्हणजे कुणी हात लावायला नको. शेंगा काय उगाच येतात होय?"

सांडूबाबा हसले नाहीत.

"हे छापणार का तुमी?"

"छापणार. तहसीलमध्ये अर्जही करू, मी सोबत येते. माझं सगळं काम तुमच्यामुळं झालं. निदान तुमची विहीर तरी तुम्हाला मिळू दे."

त्यांनी पडद्यावर अंगठा ठेवला. विहीर झाकली गेली.

"ताई, तुमच्या कंप्युटरला एक दगड कमी नाय का चालणार?"

"बाबा, भिता कुणाला? सरकवणारा आता जिवंत तरी असेल का?"

"हाय की."

त्यांनी पिशवीतली एक शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले.

"दुष्काळ व्हता. आमच्या गावानं ठरवलं, शिवेबाहेर घागरभर पाणी द्यायचं नाय. आवडाबाई तान्हं पोर घेऊन विहिरीवर उभी. गावाचा शब्द मोडता येईना. मग भर दुपारी बैल जुंपले, अन् शीवच सरकवली. शेंदूर बी मीच फासला."