रिकाम्या खुर्चीपुढचं ताट

मदरला संतपद जाहीर झालं, तेव्हा कुठे तिचा म्हातारा धाकटा भाऊ तिनं स्थापलेल्या मठाची पायरी चढला. ती घर सोडून निघाली त्या दिवशी "ताई, तू मला मेलीस!" असं तो ओरडला होता, आणि हा पठ्ठ्या तिच्या मरणापर्यंत त्या शब्दाला जागला होता.

जेवणघरात एका रिकाम्या खुर्चीपुढेही ताट मांडलेलं होतं.

"हे कुणाचं?"

"येईल त्या भुकेल्याचं. मदरचाच नियम, आमच्या प्रत्येक मठात पाळतो," तरुण सिस्टर म्हणाली. "फक्त या एकाच ताटाचा चमचा डावीकडे का ठेवायचा, ते तिनं कधीच सांगितलं नाही. बसा ना, आजोबा."

तो बसला. त्याचा डावखुरा हात आपसूक चमच्याकडे गेला.