मास्तरांचा उरलेला शब्द

प्रेमिलानं कणकेची वाटी नवऱ्याच्या तोंडासमोर धरली.

"हे पाह्यजे का?"

"फ्लोअर," मास्तर म्हणाले आणि डाव्या हातानं वाटी लोटून दिली. कणीक चादरीवर, उशीवर, तिच्या लुगड्यावर सांडली. चादर सकाळीच बदललेली होती. आता पुन्हा बदलायची म्हणजे मास्तरांना आधी एका कुशीवर वळवायचं, मग दुसऱ्या, आणि मधेच आपली कंबर धरून घटकाभर उभं राहायचं.

लकडगंजच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात चंपतराव मास्तरांनी उभी हयात घालवली. निवृत्तीनंतर दोघं मनीषनगरात राहायला आले. दिवाळी झाली आणि मास्तरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, त्याबरोबर बोलणंही गेलं. मराठीतला एक शब्द जिभेवर येईना. बायकोचं नावसुद्धा नाही. मग संक्रांतीच्या सुमारास हा एक इंग्रजी शब्द कुठून तरी वर आला आणि तेव्हापासून दिवसभर तेवढाच चालू होता.

मास्तरांना पुन्हा बोलायला शिकवणारी काजल रोज सकाळी यायची. तिला भारी आनंद झाला.

"काकू, आता शब्द वापस येऊन राहिले. फ्लोअर म्हणजे पीठ. काकाजीले पोळी खावीशी वाटत असंन. किती दिवस नुसती पेज पिऊन राहिले ते."

प्रेमिलाला पटलं. पिठाच्या गिरणीला सगळे फ्लोअर मिल म्हणतात, एवढं इंग्रजी तिलाही येत होतं. डॉक्टरांना विचारून तिनं दुधात पोळी कुस्करली. मास्तरांनी तोंड फिरवलं. ज्वारीची आंबील केली, ती ओघळून गळ्याशी आली. कणकेचा शिरा केला, बेसन पातळ करून पाहिलं. दर वेळी घास ओठांशी गेला की मास्तर तिच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "फ्लोअर."

मग काजलनं डोकं चालवलं. इंग्रजीत पीठ आणि फूल दोन्हींचा उच्चार एकच, फरक फक्त स्पेलिंगचा. फ्लावर म्हणायला जावं आणि वाकड्या तोंडातून फ्लोअर निघावं, असंही होत असेल. प्रेमिलानं शेजारणीच्या कुंडीतली शेवंती मागून आणली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं.

"चांगलं लक्षण आहे," काजल म्हणाली.

"मले तं काही समजत नाही वं," प्रेमिला म्हणाली.

खरं तर तिला आता कुठलंच लक्षण नको होतं. नुसतं पडून राहावंसं वाटत होतं. पण पडूनही काही उपयोग नव्हता. सकाळी उठावं तर पाठ लाकडासारखी, गुडघ्यांत थंडी भरलेली. पलंगाची कड धरून, कण्हणं गिळत ती उभी राहायची. मास्तर जागेच असायचे. तिच्याकडंच बघत असायचे. तिला वाटायचं, यांना भूक लागली.

आज कणीक गोळा केली, चादर भिजत घातली, तेव्हा दुपार कलली होती. मास्तर पुन्हा तेच म्हणाले. प्रेमिलाला रागसुद्धा आला नाही, तेवढा जोरच उरला नव्हता.

"आता पीठ नाही अन् फूलही नाही," ती हळूच म्हणाली. "नाही समजत मले तुमचं. घडीभर पडू द्या."

तिनं पलंगाशेजारी सतरंजी अंथरली. दवाखान्यातून आल्यापासून ती तिथंच झोपत होती. पलंग तसा दोघांचा. पण मास्तर कलंडू नयेत म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या होत्या, आणि झोपेत आपला धक्का त्या गेलेल्या अंगाला लागेल, ही भीती तिला वेगळी. ती कुशीवर वळली. जानेवारीतल्या फरशीचा गारठा सतरंजीतून थेट हाडांत शिरला. ती खोकली.

वरून उशी येऊन तिच्या खांद्यावर पडली.

"काहून त्रास देता हो?" ती कोपरावर उठली. उशी उचलून पुन्हा जागेवर ठेवायला गेली, तर मास्तरांनी तिचं मनगट धरलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग खाली, तिच्या सतरंजीकडं. "फ्लोअर," ते म्हणाले. मग मनगट सोडून त्यांनी पलीकडच्या भिंतीतल्या खिडकीचा गज धरला आणि अंग ओढायला लागले. अर्धं अंग येत होतं, अर्धं मागं राहत होतं. कपाळावर घाम आला. ती धरायला पुढं झाली तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. बोट बोट करत ते भिंतीपर्यंत सरकले. पलंगावर एका माणसापुरती जागा झाली.

प्रेमिला तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मग तिनं खाली तळवा टेकवला. फरशी गार होती.

"हे?" तिनं विचारलं.

"फ्लोअर," मास्तर म्हणाले. मग त्यांनी मान हलवली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डावा हात थोपटत, लकव्यानंतरचा पहिला मराठी शब्द मोठ्या कष्टानं काढला.

"नाही."