आधी आईचं बोट

"आधी माझं बोट टोचा," आई म्हणाली. "मग तो देईल."

सिस्टर हसली. "अहो काकू, दाढी आली त्याला!"

"दाढी आली म्हणून काय झालं? पहिल्या लसीपासून आमचं असंच चालतं."

"बरं. तुमचं शून्य आलं म्हणजे मशीन नीट चालतंय, हेही कळेल."

मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले होते. औषध रक्तात पुरेसं असूनही हे होत असेल तर वॉर्डात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पूर्वी रक्त बाहेर पाठवायचे, उत्तराची वाट पाहण्यात दिवस जायचे. आता टेबलावरचं डब्याएवढं मशीन बोटाच्या थेंबावरून तिथल्या तिथे आकडा सांगायचं.

आईने वॉर्डाची धास्ती घेतली होती. औषधात मात्र तिने कसूर केली नव्हती. गोळी दिसली की तो तोंड फिरवायचा, म्हणून ती रोज संध्याकाळी ओट्याशी पाठमोरी उभी राहून गोळी कुटायची आणि दोघांच्या कपांपैकी त्याच्या कॉफीत ढवळायची. कॉफीत कडू कळत नाही. डॉक्टरांना तिने एवढंच सांगितलं होतं, माझ्या हातानं देते.

सिस्टरने आईचं बोट टोचलं, मग मुलाचं. "घट्ट दाबून धर," आई त्याला म्हणाली. "सोडू नकोस."

मशीन वाजलं. सिस्टरने आकडे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "माझ्याच हातून अदलाबदल झाली वाटतं," ती पुटपुटली. तिने दोघांची बोटं परत टोचली, या वेळी एकाचा आकडा आल्यावरच दुसऱ्याचं. तोवर डॉक्टर मागे येऊन उभे राहिले.

मुलाच्या रक्तात औषधाचा मागमूस नव्हता. आईच्या रक्तात पुरेपूर होतं.

"काकू, ही गोळी तुम्ही घेता?"

"मी? मला काय वेड लागलंय?" ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

हल्ली तिला बसल्या जागी डुलकी लागायची. लेक रात्रभर येरझाऱ्या घालतो अन् तू खुशाल घोरतेस, असा टोमणा जाऊबाईंनी मारला होता. वय झालं, म्हणून तिने तो हसण्यावारी नेला होता.

"तू बिस्किटं आणायला आत जायचीस ना," मुलगा म्हणाला, "तेव्हा मी कप बदलायचो. गोळी कुटल्याचा आवाज यायचा मला."

"अरे, पण का?"

"बाबा गेल्यापासून तुझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. या गोळीनं झोप लागते, असं डॉक्टरच म्हणाले होते."

तिच्या बोटावरचा कापूस कधीच गळून पडला होता. मुलाने ट्रेमधून नवा बोळा उचलला आणि तिचं बोट आपल्या मुठीत घेतलं.

"घट्ट दाबून धर," तो म्हणाला. "सोडू नकोस."