तिघींपैकी कोणती

“तिघींपैकी तुमची आजी कोणती?” नुआलाने चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

विभावरीबाई पडद्यावरच्या नावांकडे बघत राहिल्या. जॅनेट. ॲग्नेस. इझोबेल. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या कुणा लिंडसे नावाच्या गिरणी-इंजिनिअरने मृत्युपत्रात लिहिलं होतं, ‘हिंदुस्थानात राहिलेल्या माझ्या तीन मुली.’ निवृत्त शिक्षिका असलेली नुआला आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या लायब्ररीत दर शनिवारी लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देई. सहा शनिवार खपून दोघी इथवर पोचल्या होत्या.

“आता फक्त नाव सांगा. पुढचं मी बघते.”

“गोदावरी.”

“ते लग्नानंतरचं. आधीचं?”

विभावरीबाईंनी पिशवीतले कागद पुन्हा एकदा चाळले. कुलवृत्तांतात आजीच्या माहेरापुढे नुसती रेघ. आजीच्या वडिलांना मोठे काका पाद्री म्हणत, आत्या कप्तान म्हणे. एकमत काय ते लिंडसे या आडनावावर. नुआलाने दाखल्यांच्या प्रती पुढे ओढल्या आणि तिला हसू आलं.

“तुमच्या वडिलांचा जन्म एक जून. तिन्ही काकांचाही एक जून?”

“शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. खरी तारीख ठाऊक नसली की मास्तर तीच ठोकून देत.”

“बरं. पण बाईचं नाव असं हरवतं कसं?”

“लग्नात बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं.”

“आणि जुनं?”

“जुनं कुठंच लिहीत नाहीत.”

“दॅट्स प्युअर मॅड, आजी,” शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली नात रेवा म्हणाली.

विभावरीबाई हसल्या नाहीत. “मला तिची इस्टेट नको, पासपोर्ट नको. तिच्या मांडीवर वाढले मी. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे ‘गोदाबाई, गोदाबाई’ करत होतो. तिनं ओ दिली नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी हाकेची वाट बघतेय. ती हाक कोणती, तेवढं हवं होतं.”

नुआलाने तिन्ही नावं एका कागदावर लिहून त्यांच्या हाती दिली. “डंडीच्या कचेरीला अर्ज धाडून ठेवू. बाप्तिस्म्याची नोंद सापडेलही. पण लग्नानंतर कोणती गोदावरी झाली, ते तिथं कोण सांगणार?”

रेवा अर्ज भरू लागली. अर्जदार म्हणून विभावरीबाईंचं नाव, पत्ता, वय सत्त्याहत्तर. ‘जन्माचं नाव वेगळं आहे का’ यापुढे तिने परस्पर ‘नाही’वर खूण केली.

“थांब,” विभावरीबाई म्हणाल्या. “वेगळं आहे.”

“व्हॉट? यू आर विभावरी.”

“ते लग्नात ठेवलेलं. छप्पन वर्षं झाली त्याला.”

“डझ मम्मा नो?”

“तिनं कधी विचारलं नाही.”

“सो व्हॉट वॉज इट?”

ते नाव मोठ्यानं उच्चारून विभावरीबाईंना इतकी वर्षं झाली होती की आधी त्यांनी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

“नंदिनी,” त्या हळूच म्हणाल्या. “आई गेल्यावर कुणी म्हटलं नाही.”

रेवाने एकेक अक्षर जपून टाइप केलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. रेवा धावत पुढे स्टॉपवर गेली. विभावरीबाई लायब्ररीच्या पायऱ्यांवर तीन नावांचा कागद घडी करून पिशवीत ठेवत होत्या. तेवढ्यात बस वळणावर दिसली.

“नंदिनी!” रेवाने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. “नंदिनी, कम ऑन!”

कुणाला बोलावताहेत म्हणून विभावरीबाईंनी मागे वळून पाहिलं.