वडिलांना अंडी उकडता येतात

“हे काय आता नवीन?” लेकीने विचारलं. दारात तिने चपलासुद्धा धड काढल्या नव्हत्या आणि वडिलांनी तिच्या हातात उकडलेलं अंडं ठेवलं होतं.

“सोलून तर बघ. टरफल कसं झटक्यात निघतं!”

आई गेल्यापासून लेकीचं एकच पालुपद होतं: बाबा, तुम्हाला साधं अंडं उकडता येत नाही, मी येते तुमच्याकडे राहायला. कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांना हे भलतंच झोंबलं. उभ्या संसारात ज्यांना साखरेचा डबा कधी सापडला नाही, ते रिटायर झाल्यावर महिनाभर पातेल्यासमोर ठाण मांडून बसले. अंडी फुटली. एकदा तर पाणी आटून करपली. उकडायला ठेवलेलं अंडं करपवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे!

आज मात्र स्वारी रंगात आली होती.

“अंडी गार पाण्यात सोडायची. उकळी आली की गॅस बंद, वर झाकण. थोड्या वेळाने बर्फाच्या पाण्यात. कळलं का?” रोज दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या लेकीला त्यांनी समजावलं. मग फ्रिज उघडला. उकडलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने फुल्या होत्या, कच्ची वेगळ्या कप्प्यात होती. “टरफलासकट ठेवायची, म्हणजे आठवडाभर टिकतात. तुझी आई सोलून ठेवायची, म्हणून फ्रिजला वास मारायचा.” आई आता उलट उत्तर द्यायला नव्हती, तेव्हा हा मुद्दा त्यांनी बिनविरोध जिंकला.

“म्हणजे तुम्हाला आता माझी काही गरज नाही,” लेक म्हणाली.

“अजिबात नाही!” वडिलांनी छाती फुगवली. “माझी काळजी सोड आणि सुखाने आपल्या घरी जा. जावईबापू वाट बघत असतील.”

“तिकडे माझी कुणी वाट बघत नाही, बाबा.”

वडिलांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे सुजले होते. मग त्यांची नजर दाराबाहेर गेली. तिथे तीन बॅगा होत्या आणि त्यांच्या शेजारी तिचं शिलाई मशीन. दोन दिवस माहेरी येताना कुणी शिलाई मशीन आणत नाही. जन्मभर खोट शोधणाऱ्या माणसाला घरातली खोट दिसायला एवढा वेळ लागला. धन्य ते इन्स्पेक्टर!

“बरं. निघते मी,” ती म्हणाली आणि अंडं टेबलावर ठेवून वळली.

वडील धडपडत दारात आडवे आले. आणि महिनाभराची मेहनत त्यांनी खुशाल पाण्यात घातली.

“निघते कुठे? अगं, ती अंडी शेजारणीने उकडून दिलीत. मला कुठलं काय येतंय! तू गेलीस तर मी उपाशी मरेन.”