समोरचे दोन दात

“समोरचे वरचे दोन दात काढून द्या जी,” खुर्चीत बसता बसताच रुपराव म्हणाला.

डॉ. घाटोळेंनी बॅटरी मारून पाहिले. दात रंगलेले, पण न किडलेले, एका रांगेत, खणखणीत. नंदनवन वस्तीत दवाखाना थाटल्यापासून इतके चांगले दात त्यांच्या पाहण्यात फारसे आले नव्हते.

“दुखतात?”

“दुखत नाही. आडवे येतात.”

“कशाला?”

“घासाले.”

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले. रुपरावने जीव खाऊन जोर लावला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आले, पण दातांमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट पडली. आरसा कसाबसा आत गेला, पण वळेना. गाल ओढून पाहिला तर आतून पांढराफटक आणि वाळल्या चामड्यासारखा कडक. मागे दाढेजवळ एक जाड चट्टा होता. तो चट्टा डॉक्टरांना मुळीच आवडला नाही.

“खर्रा खाता?”

“सोडला जी.”

“कुठं सोडला?” दारापाशी उभी असलेली त्याची बायको जयवंता म्हणाली. “तोंड उघडत नाही, तं आता पानठेल्यावर बारीक घोटून मागतात.”

रुपरावने तिच्याकडे नुसते पाहिले. तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला होता. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या त्या पुडीशिवाय तिथली पाळी निघत नाही, असे तिथे सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे.

“दातांचा काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाले. “रोग गालात आहे. आज कदाचित तो कॅन्सर नसेल, पण त्याच वाटेला लागला आहे. चट्ट्याचा एक तुकडा काढून तपासावा लागेल. उद्याच मोठ्या दवाखान्यात जा. मी सोबत येतो पाहिजे तर.”

“तुकडा काढला का पसरते म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सारेच म्हणतात.”

सारेच म्हणतात, यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नसते. घाटोळे चिडले, मग चिडल्याबद्दल स्वतःवरच चिडले.

“येत्या ऐतवारी पोरीचं लग्न हाये,” रुपराव खाली पाहत म्हणाला. “मांडवात इवाई, नवरदेवाचा बाप, मले लाडू भरवन, मी त्याले भरवीन. साऱ्या गावादेखत. माह्या तोंडात लाडू गेला नाही तं? आमच्या बाबारावच्या पोरीचं असंच झालं. बापाच्या तोंडात रोग हाये म्हणून मांडवातून वरात वापस गेली. पोरगी अजून घरीच बसून हाये.”

“आणि समोरचे दात नसलेले दिसणार नाहीत?”

“दिसू द्या ना. पडलो म्हणीन. दात पडले म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही.”

हे खरेच होते, आणि ते खरे आहे याचाच डॉक्टरांना संताप आला.

“चांगले दात मी काढत नाही.”

रुपराव शांतपणे उठला. “बरं जी. बाजारात एक जण बसते, कापडावर दात मांडून. तो काहीच इचारत नाही. पकडीनं काढून देते.”

ती गंजकी पकड निसटून त्या चट्ट्यावर जाताना डॉक्टरांना दिसली.

“बसा,” ते म्हणाले. “पण लग्न झालं की दुसऱ्या दिवशी यायचं. तुकडा काढायचा म्हणजे काढायचा.”

“येतो ना जी. पोरीले आणाचं हाये, मंग पोचवाचं हाये. ते झालं का येतोच.”

“मी आणीन याईले,” जयवंता पटकन म्हणाली.

“लग्नघरात तुले फुरसत हाये का वं?”

तिने मान खाली घातली. डॉक्टरांना तेवढीच एक आशा वाटली होती, तीही गेली.

इंजेक्शन देऊन त्यांनी दात काढायला घेतले. निरोगी दात सहजासहजी जागा सोडत नाहीत. डॉक्टरांना घाम फुटला. आपण काय करतो आहोत हे त्यांना पक्के माहीत होते, आणि तरी ते करत होते. दोन्ही दात अखंड, लांब मुळांसकट निघाले. जागेवर कापूस दाबून त्यांनी रुपरावला बाहेर बाकावर बसवले.

थोड्या वेळाने रक्त थांबले. जयवंताने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. लग्नासाठी केलेल्या बुंदीच्या लाडवांतला एक तिने आणला होता. तिने त्याचा तुकडा मोडला, त्या नव्या फटीशी धरला आणि बोटाने हळूच आत लोटला. तो गेला. रुपरावने डोळे मिटले. जयवंता हसली आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टर दारात उभे होते. जखमेवर गोड काय देता, असे ओरडायला त्यांचे तोंड उघडले होते. ते तसेच मिटले.

बाकाच्या टोकाला दुपट्ट्याने तोंड बांधलेला एक माणूस बसला होता. तो मघापासून टक लावून हे पाहत होता.

“तुमचं बी उघडत नव्हतं का?” दुपट्ट्याआडून त्याने दातातल्या दातात विचारले.

“उघडतच नव्हतं गा!” रुपरावच्या फटीतून हवा सुटत होती, पण आवाज हलका झाला होता. “दोन वर्ष वैद्य झाले, मांत्रिक झाले. यानं अर्ध्या घंट्यात मोकळं करून देलं. लई गुण हाये या डॉक्टरच्या हाताले.”

त्या माणसाने दुपट्टा सोडला आणि तो बाकावरच डॉक्टरांच्या दाराकडे सरकून बसला.