डावा मोजा

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात विजेच्या चाकावर पॉलिश करताना गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, तापे आणि ताराचंदचे तळवे भाजत. म्हणून बायकोनं जुन्या लुगड्याचे दुहेरी हातमोजे शिवून दिले. एकदा उजवा मोजा चाकात अडकला. दोन बोटं गेली. "मोज्यानंच वढलं तुले. उघडा हात असता तं नुसतं खरचटलं असतं," दवाखान्यात मिस्त्री हळूच म्हणाला. ताराचंद घरी आला तर बायको डावा मोजा चुलीत घालत होती. "माह्यामुळंच झालं ना?" त्यानं मोजा ओढून घेतला. "येडीच आहेस. मोजा होता म्हून दोनच गेली. नायतं पुरा हात गेला असता." डोळे पुसत तिनं सुईत दोरा ओवला. "मंग कारखान्यातल्या साऱ्याईले शिवून देतो," ती म्हणाली. उरलेल्या तीन बोटांनी त्यानं तिचा सुईचा हात धरला. आता खरं सांगावंच लागणार होतं, पण हात न सोडता.